पाचवीला स्टॅम्प अ‍ॅक्ट ते चहा शिकवायचं किट: घ्या, पण जसंच्या तसं वापरू नका

आधीच सांगून टाकते, ज्यांना घाई आहे त्यांनी एवढंच वाचून गेलं तरी चालेल. घ्या. ३८ डॉलर वसूल होतात. पण बॉक्स उघडून पहिल्या पानापासून सरळ शिकवत सुटलात तर मुलांना वाटेल की १७६५ मध्ये ब्रिटिशांच्या अमेरिकेतल्या वसाहतींवर स्टॅम्प अ‍ॅक्टचा, म्हणजे छापील आणि कोर्टाच्या कागदांवरचा टॅक्स लागला, लोक चिडले, चहा पाण्यात टाकला आणि दुसऱ्या दिवशी क्रांती. मधली दहा वर्षं कुठे गेली ते किट बनवणाऱ्यांनाच माहीत. माझ्याकडून साडेतीन स्टार, त्यातला एक अख्खा स्टार गाइडच्या पान ५१ ला आहे, त्याबद्दल पुढे सांगते.

मी अमेरिकेत पब्लिक स्कूलमध्ये पाचवीला शिकवते, सोशल स्टडीज माझ्याकडेच आहे, दोन सेक्शन, आणि आमच्याकडे पाचवीतच तेरा वसाहती आणि त्यांचं ब्रिटिशांशी कसं बिनसत गेलं तो सगळा भाग येतो. आता मी स्वतः मराठी शाळेत शिकलेली, आपल्याला बोस्टन टी पार्टी (१७७३ ला बोस्टन बंदरात जहाजांवरचा चहा पाण्यात फेकला ती) म्हणजे 'कारणे द्या' मधलं दोन मार्कांचं उत्तर, त्यामुळे पहिल्या वर्षी हा भाग मीच मुलांच्या एक दिवस पुढे राहून शिकले. आता काही वर्षं झालीत, दरवर्षी काही ना काही नवीन आणून बघते, यंदा हे किट. विकणाऱ्यांचं नाव देत नाही कारण खाली थोड्या तक्रारी पण आहेत आणि मला भांडण नकोय.

बॉक्समध्ये २८ भूमिकांची कार्डं येतात (व्यापारी, छापखानेवाला, शेतकरी, कस्टम्सचा अधिकारी वगैरे), प्लॅस्टिक टोकनांची पिशवी, स्टॅम्पचे स्टिकर, टाइमलाइनच्या पट्ट्या, बोस्टन मॅसॅकरच्या (१७७० ला ब्रिटिश सैनिकांनी बोस्टनमधल्या जमावावर गोळ्या झाडल्या त्या घटनेच्या) चित्राची मोठी प्रिंट, साक्षीदारांची ८ कार्डं आणि ६४ पानी टीचर गाइड. स्लाइड्स डाउनलोड कराव्या लागतात. स्लाइड्स मी दुसऱ्या दिवशी सोडूनच दिल्या, प्रत्येक स्लाइडवर गरुड आणि झेंडा, आणि झेंडा तरी कुठला, १७६५ च्या स्लाइडवर तारे-पट्टेवाला! तेव्हा तो जन्मालाच आला नव्हता.

पहिला भाग टॅक्सचा खेळ. एक मूल राजा, दोघं पार्लमेंट, एक टॅक्स कलेक्टर, बाकीचे सगळे वसाहतीतले, प्रत्येकाला १० टोकन. पार्लमेंट चिठ्ठी ओढतं, निळे कपडे घातले असतील तर १ टोकन, पेन्सिलला टोक केलं तर २, असं. हा खेळ इथे सगळेच टीचर कुठल्या ना कुठल्या रूपात घेतात, नवीन काही नाही. पण मला सांगा, प्लॅस्टिकच्या टोकनांचं कुणाला काय पडलंय? माझ्या पहिल्या सेक्शनला पोरं हसत हसत टोकन देत होती, राजासमोर वाकून वाकून नाटकं चाललेली, एकाने तर सगळी टोकन एकदमच देऊन टाकली म्हणे मला मोजायचा कंटाळा आला. याला काय रेझिस्टन्स म्हणायचं.

म्हणून दुसऱ्या सेक्शनला मी टोकन बाजूला ठेवली आणि रिसेसची, म्हणजे मधल्या सुट्टीची, मिनिटं लावली. प्रत्येक कागदावर स्टॅम्प हवा, एका स्टॅम्पचं १ मिनिट. वर्कशीट हवंय? स्टॅम्प. ड्रॉइंगला कागद हवाय? स्टॅम्प. दहा मिनिटांत वर्गाचा रंग बदलला. कुणी कागद लपवायला लागलं, कुणी दप्तरातला जुना कागद काढून त्याच्या मागच्या बाजूला लिहायला लागलं, तिघी जणी मिळून एकाच कागदावर लिहायला लागल्या, आणि हे मी काही सांगितलं नव्हतं हां. ज्याला टॅक्स कलेक्टर केलं होतं तो आमचा एकदम गरीब स्वभावाचा मुलगा, तिसऱ्या फेरीला माझ्या टेबलाशी आला, स्टॅम्पची शीट ठेवली आणि हळूच म्हणाला, मला हे काम नको, माझ्याशी कुणी बोलत नाहीये.

मी तिथेच खेळ थांबवला कारण याच्यापेक्षा भारी धडा मला स्वतःला लिहिता आला नसता. बोस्टनला हेच झालं होतं. १४ ऑगस्ट १७६५ ला अँड्र्यू ऑलिव्हर, ज्याला स्टॅम्प वाटायचं काम मिळालं होतं, त्याचा पुतळा लोकांनी एका झाडाला फासावर लटकवला, रात्री त्याच्या घरावर चालून गेले, आणि दुसऱ्या दिवशी याने सांगून टाकलं की मी हे काम सोडतो. तेच झाड पुढे लिबर्टी ट्री. १ नोव्हेंबरला कायदा लागू व्हायचा होता आणि तोपर्यंत जवळपास सगळ्या वसाहतींतल्या स्टॅम्पवाल्यांनी राजीनामे दिलेले, म्हणजे कायदा लंडनमध्ये पास झालाय, कागदावर आहे, आणि राबवायला माणूसच नाही! गाइडमध्ये याबद्दल एक ओळ नाही. ऑलिव्हरचं नावही नाही. ६४ पानांत गरुडाची चित्रं मात्र अकरा, मोजली मी.

(मिनिटं सगळ्यांना शेवटी परत दिली. तरी एका पालकांचा ईमेल आलाच.)

स्टिकरबद्दल एक सांगते. किटमध्ये स्टॅम्पचे स्टिकर आहेत, पोस्टाच्या तिकिटासारखे, चाटून चिकटवायचे. पोरांना मजा येते पण डोक्यात चुकीचं बसतं, सगळ्यांना वाटलं पत्रावरच्या तिकिटावर टॅक्स होता. खरं तर बहुतेक ठिकाणी कागदावरच दाबून उठवलेला शिक्का असायचा, स्टँप पेपर म्हटलं की आपल्या लोकांना लगेच कळतं, कोर्टाचा किंवा घराच्या कराराचा तसला, तसा कागद घ्यायचा, आणि तो वर्तमानपत्राला, कोर्टाच्या कागदांना, लायसन्सना, पंचांगांना, सगळ्याला लागायचा. पत्त्यांच्या कॅटला १ शिलिंग आणि फाशांच्या जोडीला १० शिलिंग, हे ऐकून पोरं बोर्ड गेम्सबद्दल फार हळहळली. शिवाय पैसे ब्रिटिश पौंडात मोजून द्यायचे, आणि इथे तर रोख नाणंच मुळात कमी. म्हणून मी स्टिकरऐवजी नाणं कागदाखाली ठेवून वरून पेन्सिल घासून शिक्का उठवायला लावला. फुकटात काम झालं.

आता किटची सगळ्यात मोठी चूक, आणि ही फक्त या किटची नाही, इथल्या निम्म्या वर्कशीटांत असते. पहिलं वाक्यच 'राजाने वसाहतींवर असह्य टॅक्स लादले'. अहो असह्य नव्हते. ब्रिटनमधला माणूस वसाहतीतल्या माणसापेक्षा बराच जास्त टॅक्स भरत होता. फ्रेंचांबरोबरचं युद्ध १७६३ ला संपलं तेव्हा ब्रिटनचं कर्ज जवळपास दुप्पट झालं होतं, आणि पार्लमेंटचं म्हणणं साधं होतं की बाबांनो तुमच्या दारात लढलो, थोडं तुम्ही पण द्या. १७६४ च्या शुगर अ‍ॅक्टमध्ये तर मळीवरचा, म्हणजे मोलॅसिसवरचा टॅक्स गॅलनला ६ पेन्सवरून ३ पेन्सवर आणला होता. अर्धा केला! मग चिडले का? कारण आधीचे ६ पेन्स कुणी भरतच नव्हतं, सगळा चोरटा माल, आणि आता ३ पेन्स खरोखर वसूल करायचं ठरवलं, वर खटला चालवायला असं कोर्ट की जिथे ज्यूरीच नाही. आणि हे सगळं ठरवणाऱ्या पार्लमेंटमध्ये या लोकांचा एकही माणूस नाही. माझ्या वर्गातल्या एका मुलीने हे फार सोपं करून सांगितलं, म्हणाली तुम्ही विचारलं असतं तर मी २ मिनिटं पण दिली असती, पण तुम्ही विचारलंच नाही. विचारलं नाही म्हणून तिला एका मिनिटाचा एवढा राग होता की रिसेसलाही ती माझ्याशी बोलली नाही.

चहाचंही तसंच. किटचं कार्ड म्हणतं १७७३ ला 'चहावर नवा जबर टॅक्स'. साफ चूक. पौंडभर चहाला ३ पेन्स हा टॅक्स १७६७ पासूनचाच होता, टाउनशेंड नावाच्या ब्रिटिश मंत्र्याने आणलेल्या टॅक्सांपैकी, काच, रंग, शिसं, कागद यांच्यावरचे १७७० ला काढले आणि चहावरचा मुद्दाम ठेवला, आमचा हक्क आहे हे दाखवायला. १७७३ च्या टी अ‍ॅक्टने चहा उलट स्वस्त झाला, कारण ईस्ट इंडिया कंपनीला थेट वसाहतींत माल विकायची परवानगी मिळाली. ईस्ट इंडिया कंपनी म्हणजे हो, आपलीच ती. कार्डावर बिचारीचा उल्लेख फक्त 'एक ब्रिटिश कंपनी' असा आहे. मी मुलांना सांगितलं की ही कंपनी तेव्हा बंगालवर राज्य करत होती, १७७० ला तिथे भयानक दुष्काळ पडून गेला होता, कंपनी कर्जात होती आणि लंडनच्या गोदामात चहा साचलेला. तर स्वस्त चहा म्हणजे आमिष होतं, घेतलात की टॅक्स मान्य केलात. एकाने विचारलं मिस, मग तो चहा इंडियाचा होता का, म्हटलं नाही रे बाबा, चीनचा, बोहे नावाचा काळा चहा होता जास्त करून, आसामचा चहा यायला अजून साठेक वर्षं होती.

हे सगळं मी त्या रविवारी आईला व्हिडिओ कॉलवर सांगत होते, ३४२ पेट्या, तीन जहाजं, सगळा चहा पाण्यात, तर आई म्हणते, अगं पण टाकायचा कशाला, घरी न्यायचा ना गुपचूप. म्हटलं आई तोच तर पॉइंट आहे. एकाने खिशात भरायचा प्रयत्न केला तर त्याला बाकीच्यांनी पकडला.

टी पार्टीचं किटमधलं कार्डबोर्डचं मॉडेल मात्र टाकाऊ आहे, जुळवायला ४० मिनिटं जातात आणि चहाची पेटी दाखवलीय बुटाच्या खोक्याएवढी. त्यापेक्षा गणिताच्या तासाला मी मुलांना भागाकार करायला लावला, एकूण साधारण ९२,००० पौंड वजनाचा चहा, भागिले ३४२, पेटीमागे सरासरी २६९ पौंड येतात. म्हणजे माझ्या वर्गातली तीन पोरं एकावर एक. मग आपोआप प्रश्न आला की उचलल्या कशा, तर जहाजाच्या तळातून कप्पी लावून वर ओढल्या, डेकवर कुऱ्हाडीने फोडल्या, आणि मग ओतल्या. तीनेक तास चाललं होतं हे. ओहोटी होती म्हणून चहाचे ढीग पाण्यावर साचून राहिले. आणि १६ डिसेंबरची रात्रच का? कारण डार्टमथ हे जहाज २८ नोव्हेंबरला आलेलं, २० दिवसांत टॅक्स भरला नाही तर कस्टम्सवाले माल जप्त करणार, आणि मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर हचिन्सन जहाज परत जाऊ देईना. फिलाडेल्फिया आणि न्यूयॉर्कची जहाजं माल न उतरवता परत गेली, बोस्टनचं तसं झालं नाही म्हणून तिथे ही वेळ आली. हे डेडलाइनचं कळलं ना की पोरं नुसतं गुंडगिरी झाली असं म्हणत नाहीत, मग ती वाद घालतात. एक जण म्हणाला चहा फेकणाऱ्यांनी ३४२ पेट्यांचे पैसे भरून द्यायला हवे होते, आणि मजा म्हणजे बेंजामिन फ्रँकलिनचं पण तेच मत होतं.

आता किटचा चांगला भाग. बोस्टन मॅसॅकर. यासाठी मी किट परत घेईन.

बोस्टनचा कारागीर पॉल रिव्हिअर याचं ते प्रसिद्ध चित्र मोठ्या साइजमध्ये दिलंय, रंग छान उतरलेत, आणि सूचना एवढीच की १० मिनिटं काही न सांगता बघू द्या. मी बघू दिलं. सैनिक एका ओळीत कवायत केल्यासारखे, मागे त्यांचा कॅप्टन तलवार उगारून, समोर लोकांच्या हातात काही म्हणजे काहीच नाही, मागच्या कस्टम्सच्या इमारतीवर पाटी 'बुचर्स हॉल', म्हणजे खाटीकखाना. एका कुत्र्यावर पाच मिनिटं चर्चा झाली. मग साक्षीदारांची कार्डं उघडायची. ५ मार्च १७७०, रात्रीचे नऊ वाजलेले, जमिनीवर बर्फ, आणि चित्रात वर बघा तर आकाश निळं. लोक बर्फाचे गोळे, बर्फाचे तुकडे, दांडकी फेकत होते. त्यात चर्चच्या घंटा वाजल्या. तेव्हा रात्री घंटा वाजली म्हणजे कुठेतरी आग लागली, म्हणून लोक पाण्याच्या बादल्या घेऊन बाहेर पडले आणि 'फायर, फायर' ओरडत आले. आता इंग्रजीत आगही फायर आणि गोळी झाडायचा हुकूमही फायर. हे कार्ड वाचलं तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी, जी अख्ख्या वर्षात स्वतःहून बोललेली मला आठवत नाही, ती मोठ्याने म्हणाली, ओह नो. मला अंगावर काटा आला.

पाच जण गेले, त्यातला क्रिस्पस अ‍ॅटक्स हा आफ्रिकन आणि नेटिव्ह वंशाचा, आणि सॅम्युअल मॅव्हरिक तर १७ वर्षांचा. मग खटला. सैनिकांचं वकीलपत्र घेतलं जॉन अ‍ॅडम्सने, जो पुढे दुसरा प्रेसिडेंट झाला. कॅप्टन प्रेस्टन सुटला, आठ सैनिकांतले सहा सुटले, दोघांना मनुष्यवधासाठी अंगठ्यावर डाग देऊन सोडलं. किट सांगतं की हा निकाल शेवटपर्यंत लपवून ठेवा आणि आधी वर्गाची ज्यूरी बसवा. बसवा खरंच. माझ्या एका सेक्शनने प्रेस्टनला दोषी ठरवलं, दुसऱ्याने सोडलं, आणि मधल्या सुट्टीत दोन्ही सेक्शनची एकमेकांत जी जुंपली ती मला कॉरिडॉरमध्ये जाऊन सोडवावी लागली. पॅट्रिक कार नावाचा जो जखमी काही दिवसांनी गेला त्याने मरायच्या आधी डॉक्टरला सांगितलं होतं की सैनिकांनी जीव वाचवायला गोळी झाडली. ते कार्ड सगळ्यात शेवटी काढा. आधी काढलंत तर वाद तिथेच संपतो.

एक भर माझ्याकडून. ते चित्र रिव्हिअरचं स्वतःचं नाही, हेन्री पेल्हॅम नावाच्या चित्रकाराचं बघून त्याने उतरवलं आणि त्याच्याआधी विकायला काढलं, पेल्हॅमने त्याला चांगलं खरमरीत पत्र लिहिलं होतं. किटमध्ये हे नाही. मी सांगितलं, तर पाच माणसं मेली त्यापेक्षा पोरांना याचा जास्त धक्का, म्हणजे कॉपी केली? आणि त्याला झीरो नाही मिळाला?

पुढे क्वार्टरिंग अ‍ॅक्टचं, म्हणजे ब्रिटिश सैनिकांच्या राहण्याची सोय वसाहतींनी करायची या कायद्याचं कार्ड. चित्रात एक सैनिक एका कुटुंबाच्या जेवणाच्या टेबलावर बसलाय, बूट टेबलावर, बाळ रडतंय. हे कार्ड मी फाडलं नाही एवढंच. १७६५ च्या कायद्यात लोक राहत असलेल्या घरात सैनिक घुसवायची सोय नव्हतीच, आधी बराकी, त्या भरल्या तर खाणावळी, दारूची दुकानं, मग रिकामी घरं आणि धान्याची कोठारं, आणि खर्च वसाहतीच्या माथी. राग त्या खर्चाचा होता आणि युद्ध संपल्यावर शहरात फौज ठेवल्याचा होता. बूटवालं चित्र मुलांच्या डोक्यातून मग निघत नाही, आठवीपर्यंत जातं, मला आमच्या आठवीच्या सरांनी सांगितलं की दरवर्षी उत्तरपत्रिकेत ते बाळ रडत येतं.

२८ भूमिकांमध्ये २१ देशभक्त, ५ राजाच्या बाजूचे, २ काठावरचे. फारच सोयीचं वाटप. राजाच्या बाजूचे पाचही श्रीमंत आणि तुसडे लिहिलेत. १७७४ च्या जानेवारीत बोस्टनमध्ये जॉन माल्कम नावाच्या कस्टम्सवाल्याला लोकांनी थंडीत उघडा करून अंगावर डांबर ओतलं, पिसं चिकटवली आणि गाडीतून फिरवला, ते मी थोडं सौम्य करून सांगितलं तर एका मुलीने आपलं देशभक्ताचं कार्ड परत केलं. बायकांची दोनच कार्डं पण चांगली आहेत, सूतकताईला जमणाऱ्या बायका (कापड आयात बंद केलं म्हणून घरचं सूत, हे मराठी घरातल्या पोरांना लगेच कळेल, आजीला विचारा) आणि एडंटनच्या ५१ जणी, ज्यांनी ऑक्टोबर १७७४ मध्ये सही करून बहिष्कार जाहीर केला. गुलाम म्हणून ठेवलेल्या माणसांचं मात्र एकही कार्ड नाही, अ‍ॅटक्स आला की संपलं. १७७३ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या गुलामांनी स्वतः अर्ज केले होते, एका अर्जात तर सरळ म्हटलं होतं की तुम्ही स्वतः गुलामीविरुद्ध एवढं भांडताय तर तुमच्याकडून आम्हाला मोठी आशा आहे. अशा अर्जाचं कार्ड मीच बनवलं. आणि १७६३ ची राजाची ती घोषणा, अ‍ॅपलेशियन डोंगरांच्या पलीकडे वस्ती करायची नाही ही, तीही किटमध्ये नाही, कारण ती आणली की त्या पलीकडे कोण राहत होतं ते सांगावं लागतं.

आता पान ५१. कोपऱ्यात छोट्या चौकटीत लिहिलंय, 'वेळ उरल्यास'. वर्गात एक दोरी बांधा, एका टोकाला 'राजाशी एकनिष्ठ', दुसऱ्या टोकाला 'वेगळं व्हायचं', प्रत्येक मुलाचा नावाचा चिमटा, आणि प्रत्येक घटनेनंतर आपापल्या भूमिकेतून चिमटा सरकवा. अहो हेच तर अख्खं किट आहे! मी दुसऱ्या आठवड्यापासून बाकी सगळं याच्याभोवती घेतलं.

पहिल्यांदा सगळे चिमटे राजाच्या टोकाला चिकटलेले. स्टॅम्प अ‍ॅक्टला सगळे थोडे सरकले. आणि मार्च १७६६ ला कायदा रद्द झाला तर पोरांनी चिमटे परत मागे नेले, मला विचारून, मिस चालेल ना? म्हटलं चालेल काय, तेव्हा लोकांनीही आनंदाने दिवे लावले, राजाच्या नावाने ग्लास उंचावले. त्याच दिवशी पार्लमेंटने डिक्लेरेटरी अ‍ॅक्ट पण पास केला की आम्ही तुमच्यासाठी कुठलाही कायदा करू शकतो, त्याच्याकडे फार कुणी लक्ष दिलं नाही, वर्गातही नाही, फक्त एका मुलाचा चिमटा मागे गेला नाही. टाउनशेंडला पुढे, १७७० ला चहा सोडून बाकी टॅक्स गेले तसे परत मागे, व्यापाऱ्यांची कार्डं तर धावत मागे, कारण न्यूयॉर्कवाल्यांनी बहिष्कार सोडून माल मागवायला सुरुवात केलेली. मग दोनेक वर्षं दोरी जवळपास गप्प. टाइमलाइनच्या पट्ट्यांमध्ये या काळात काहीच नाही, मी दोन टाकल्या, जून १७७२ ला ऱ्होड आयलंडमध्ये गॅस्पी हे सरकारी जहाज जाळलं ती आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात बोस्टनने पत्रव्यवहाराची समिती काढली ती. गावोगावी अशा समित्या झाल्या, एका गावात काय झालं ते दुसऱ्या गावाला पत्राने कळायला लागलं. ग्रुप चॅट, फक्त घोड्यावरून.

चहाला चिमटे दोन्हीकडे गेले, हे मला अपेक्षित नव्हतं. शेतकऱ्यांची कार्डं मागे गेली, म्हणे हे जास्तच झालं. पण चहाची शिक्षा म्हणून पार्लमेंटने १ जून १७७४ ला बोस्टनचं बंदर बंद केलं, मॅसॅच्युसेट्सचं स्वतःचं सरकार जवळपास काढून घेतलं, तेव्हा दोरी एकदम कलली, व्हर्जिनियाचं कार्ड असलेला मुलगा पण उठला की बोस्टनला झालं ते उद्या आम्हाला होईल. सप्टेंबरमध्ये फिलाडेल्फियाला १२ वसाहती एकत्र आल्या, फक्त जॉर्जिया नाही. आणि तरीसुद्धा, एप्रिल १७७५ ला लेक्सिंग्टन आणि कॉनकॉर्डला गोळ्या चालल्या तरीसुद्धा, जुलैमध्ये हेच लोक राजाला विनंतीपत्र पाठवतात की तूच मिटव. 'वेगळं व्हायचं' या टोकाला माझ्या वर्गात तेव्हा चारच चिमटे होते. किटच्या नकाशात बाणच सरळ आहे, १७६५ वरून निघतो आणि थेट १७७६ ला जातो.

बाकी बारीकसारीक. पट्ट्यांचा कागद पातळ आहे, लॅमिनेट करून घ्या. टोकनांच्या पिशवीला वास येतो. गाइडमधली परीक्षा वापरू नका, सगळी सालं पाठ करायची. दोन आठवड्यांचं किट म्हणून विकतात, मला साडेतीन आठवडे लागले. सूतकताईच्या तासाला शेजारच्या वर्गाची तक्रार येईल, आवाज होतो. क्वार्टरिंगच्या कार्डाबद्दल विकणाऱ्यांना मी लिहिलं, चार दिवसांनी उत्तर आलं की पुढच्या छपाईत बघू, वर १० टक्के डिस्काउंटचं कूपन. चिमटे बॉक्समध्ये येत नाहीत, वेगळे आणावे लागतात, लाकडीच आणा, प्लॅस्टिकवर नाव लिहिलेलं पुसलं जातं आणि मग कुणाचा चिमटा कुठे होता यावरून भांडणं.